‘डिटॅच’ केव्हा म्हणावे? आधी सांधा पाहावा

प्रश्न विचारणारे गृहस्थ तरुण अभियंते आहेत. त्यांनी गेल्या महिन्यात तीन इंग्रजी पत्रे लिहिली आणि तिन्हींत ‘डिटॅच’ हे क्रियापद वापरले. पहिले पत्र विमा कंपनीला होते. वडिलांच्या डोळ्याचा पडदा सुटल्याचे सोमवारी रुग्णालयात समजले, हे सांगण्यासाठी त्यांनी लिहिले, ‘माय फादर्स रेटिना वॉज डिटॅच्ड इन द हॉस्पिटल ऑन मंडे’. दुसरे पत्र वरिष्ठांना होते, ‘प्लीज डिटॅच मी फ्रॉम धिस प्रोजेक्ट’. तिसरे म्हणजे घरच्या जमिनीच्या प्रकरणात वकिलांना दिलेले टिपण. त्यात काकांविषयी वाक्य होते, ‘ही हॅज डिटॅच्ड ऑल रिलेशन्स विथ माय फादर’. विमा कंपनीने उलट विचारणा केली की डोळ्याला झालेली इजा रुग्णालयातच झाली काय. तेव्हा त्यांना शंका आली आणि त्यांनी विचारले की हे क्रियापद नेमके केव्हा वापरावे, कारण शब्दकोशात तर ‘वेगळे करणे, तोडणे, सोडवणे’ असे तिन्ही अर्थ एकापुढे एक दिलेले आहेत.

इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत कागदपत्रे आणण्याचे काम मी सत्तावीस वर्षे करीत आहे. त्यांत यंत्रांच्या माहितीपुस्तिका आल्या, रुग्णालयांची संमतिपत्रे आली आणि न्यायालयीन कागदही आले. त्या अनुभवावरून मला प्रथम हे सांगावेसे वाटते की दोष तुमच्या इंग्रजीचा कमी आणि शब्दकोश वाचण्याच्या आपल्या सवयीचा अधिक आहे. ‘वेगळे होणे’ ही क्रिया एकच आहे असे धरून आपण तिच्यासाठी इंग्रजी शब्द शोधतो. इंग्रजी भाषा मात्र त्या क्रियेपूर्वीची स्थिती पाहते. दोन गोष्टी आधी कशाने जोडलेल्या होत्या आणि त्यांतली कोणती कोणाला जोडलेली होती, या दोन बाबी कळल्या की क्रियापद बहुधा आपोआप ठरते.

या शब्दाचे मूळ पाहिल्यास हे चांगले लक्षात येते. ‘अटॅच’ आणि ‘डिटॅच’ हे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आले आणि त्यांच्या मुळाशी ‘एस्ताश’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ खुंटा किंवा जमिनीत रोवलेला खांब. खुंट्याला बांधणे म्हणजे ‘अटॅच’ आणि खुंट्यापासून सोडणे म्हणजे ‘डिटॅच’. आपल्याकडे गोठ्यात रोज जे घडते तेच हे आहे. दावे सोडले की गाय मोकळी होते, गाय शाबूत राहते, खुंटाही शाबूत राहतो, आणि संध्याकाळी तेच दावे पुन्हा बांधता येते. शिवाय आपण गाय खुंट्यापासून सोडतो, खुंटा गाईपासून सोडत नाही. हे चित्र मनात ठेवले तर ‘डिटॅच’चे निम्मे व्याकरण पाठ झाले असे समजावे. (संगीतातला ‘स्टकाटो’ हा इटालियन शब्दही याच कुळातला आहे. ‘दिस्तक्कातो’ म्हणजे ‘सुटा केलेला’ या शब्दाचे ते छोटे रूप असून, सूर एकमेकांना न जोडता सुटे सुटे वाजवण्याला ‘स्टकाटो’ म्हणतात.)

या क्रियापदाचा चोख उपयोग पाहायचा असेल तर रेल्वेकडे पाहावे. मुंबईहून पुण्याकडे किंवा नाशिककडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला किंवा कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात, कारण दोन्ही घाटांतला चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र आहे. या इंजिनांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. गाडी लोणावळ्याला किंवा इगतपुरीला पोहोचली की बँकर काढून घेतात. इंग्रजीत या दोन क्रियांना ‘अटॅच’ आणि ‘डिटॅच’ म्हणतात, आणि हे अगदी यथायोग्य आहे. जोड मुद्दाम सुटण्यासाठीच केलेला आहे, सुटल्यावर दोन्ही भाग धडधाकट राहतात, आणि जे सुटते ते मुख्य गाडीच्या मानाने दुय्यम असते. ‘द बँकर इज डिटॅच्ड फ्रॉम द ट्रेन’ हे वाक्य बरोबर आहे. ‘द ट्रेन इज डिटॅच्ड फ्रॉम द बँकर’ हे व्याकरणाने चुकीचे नसले तरी कोणी म्हणणार नाही. तेथेच उभा असलेला कर्मचारी दोन डब्यांमधली कपलिंगची साखळी हाताने सोडवतो तेव्हा मात्र त्याच्या त्या कृतीला ‘अनकपल’ म्हणतात. ‘अनकपल’मध्ये सांधा उघडण्याची कृती आहे, तर ‘डिटॅच’मध्ये गाडीतून एक घटक कमी झाल्याची नोंद आहे.

जेथे दोन्ही बाजू समान पातळीवर असतात किंवा पुन्हा जोडण्याचा विचारच नसतो, तेथे ‘सेपरेट’ येते. चांद्रयान-३ चे उदाहरण घ्या. १७ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडर प्रणोदन यानापासून, म्हणजे त्याला चंद्राच्या कक्षेत नेणाऱ्या भागापासून, वेगळा झाला आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरला. इस्रोने त्या घटनेसाठी ‘सेपरेट’ हेच क्रियापद वापरले, कारण तो जोड एकदाच आणि कायमचा सुटायचा होता. उलट इस्रोच्याच स्पेडेक्स मोहिमेत दोन छोटे उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी अवकाशात एकमेकांना जोडले गेले आणि १३ मार्च २०२५ रोजी पुन्हा सुटे झाले. त्यासाठी ‘डॉक’ आणि ‘अनडॉक’ हे शब्द वापरले गेले, कारण तेथे जोडणे आणि सोडणे ही दोन्ही कामे करू शकणारा सांधा तयार करणे हाच मोहिमेचा हेतू होता. मराठी वृत्तपत्रांनी दोन्ही घटनांना ‘विलग झाले’ असे म्हटले तर त्यात चूक नाही. चूक होते ती त्या ‘विलग’चा उलट प्रवास इंग्रजीत करताना, कारण तोपर्यंत सांधा कोणता होता ही माहिती हातून निसटलेली असते.

मोठ्यातून लहान काढून घेण्याचा हा भाव राजकीय भाषेतही टिकून आहे. हिंदी महासागरातला छागोस द्वीपसमूह १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडून ब्रिटिशांनी वेगळ्या वसाहतीत घातला. त्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये सल्लागारी मत दिले. प्रकरणाच्या शीर्षकात ‘सेपरेशन’ हा शब्द आहे, पण आतल्या विवेचनात लोकांच्या इच्छेविना झालेल्या त्या कृतीसाठी ‘डिटॅचमेंट’ हा शब्द येतो. माझ्या मते हा फरक वाचकाने अवश्य पाहावा. ‘सेपरेशन’ ही घटना असू शकते, ‘डिटॅचमेंट’ म्हटले की ती करणारा कोणीतरी समोर उभा राहतो. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी जुनी वस्ती आहे, म्हणून आपल्याही वाचकांना हे प्रकरण अगदीच परके नाही.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येऊ, कारण तिन्हींत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याने तुमचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या असतात. तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, निखळणे आणि निखळवणे, उसवणे आणि उसवून काढणे. कोणी केले की आपोआप झाले, हे मराठीत क्रियापदाच्या रूपातूनच कळते. ‘पडदा सुटला’ म्हणताच ऐकणाऱ्याला कळते की कोणी सोडवलेला नाही. इंग्रजीत ‘डिटॅच’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. ‘द रेटिना डिटॅच्ड’ म्हणजे पडदा सुटला. ‘द रेटिना वॉज डिटॅच्ड’ याचे मात्र दोन अर्थ होतात. एक, पडदा सुटलेल्या अवस्थेत होता. दुसरा, कोणीतरी तो सोडवला. यांतला कोणता घ्यायचा हे पुढचे शब्द ठरवतात. तुम्ही पुढे ‘इन द हॉस्पिटल ऑन मंडे’ असे ठिकाण आणि दिवस जोडलेत. ठिकाण आणि वेळ आली की वाक्य अवस्थेचे राहत नाही, ते घटनेचे होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की सोमवारी रुग्णालयात कोणाच्या तरी हातून पडदा सुटला. विमा कंपनीने जी विचारणा केली ती तुमच्या वाक्याचा अर्थ पाहता रास्त होती.

मराठीभाषकाच्या हातून ही चूक सहज होते, कारण शाळेत आपल्याला ‘झाला’ या रूपासाठी ‘वॉज’ लावण्याची सवय लागते. ‘फोन बंद झाला’, ‘दिवा बंद झाला’, ‘पडदा सुटला’ या सगळ्यांना आपण ‘वॉज’ लावून टाकतो. जेथे गोष्ट आपोआप घडली असेल तेथे ‘वॉज’ न लावता क्रियापद सरळ वापरावे, किंवा नाम वापरून रोगाचे नाव घ्यावे. ‘माय फादर वॉज डायग्नोज्ड विथ अ रेटिनल डिटॅचमेंट ऑन मंडे’ असे लिहिले की सोमवार हा निदानाचा दिवस ठरतो आणि पडदा कोणी सोडवला हा प्रश्नच उरत नाही. शस्त्रक्रियेसाठी ‘अटॅच’ वापरू नका. डॉक्टरांनी पडदा पुन्हा जागेवर बसवला याला ‘रीअटॅच’ म्हणतात, आणि कागदोपत्री ‘द डिटॅचमेंट वॉज रिपेअर्ड’ हे सर्वांत सुरक्षित आहे.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. काही वर्षांपूर्वी एका नेत्ररुग्णालयाचे मराठी संमतिपत्र माझ्याकडे तपासायला आले होते. त्यात ‘डिटॅच्ड रेटिना’चे भाषांतर ‘काढून टाकलेले दृष्टिपटल’ असे केलेले होते आणि तो कागद कित्येक रुग्णांकडून सही करून घेतला गेला होता. ज्याला आधीच एका डोळ्याने अंधुक दिसते अशा माणसाने आपले दृष्टिपटल काढून टाकले जाणार आहे असे वाचून काय समजावे? त्याच कागदात ‘रेटिनल टेअर’ आणि ‘रेटिनल डिटॅचमेंट’ या दोन्हींना ‘पडदा फाटणे’ असेच म्हटले होते. वास्तविक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पडद्याला भोक किंवा चीर पडणे ही पहिली. त्या चिरेतून डोळ्यातला द्रव पडद्यामागे शिरून पडदा मागच्या थरापासून सुटणे ही पुढची. पहिल्या पायरीवर अनेकदा लेझरने चिरेभोवतीची जागा पक्की करता येते, दुसरीत बहुधा शस्त्रक्रिया लागते. फाटणे आणि सुटणे हे दोन चांगले, नेमके शब्द मराठीत घरोघरी आहेत. इंग्रजीतला ‘टेअर’ आणि ‘डिटॅच’मधला भेद त्यांत जसाच्या तसा उतरतो. असे शब्द हाताशी असताना दोन्हींना एकच शब्द वापरणे मला अक्षम्य वाटते. मी त्या कागदात ‘डोळ्याचा पडदा मागच्या थरापासून सुटणे’ असे लिहून दिले. लोक बोलताना ‘पडदा सरकला’ म्हणतात, तेही समजते, पण लेखी कागदात ‘सुटणे’ अधिक नेमके आहे. ज्यांना डोळ्यांसमोर अचानक विजेसारख्या चमका, काळे ठिपके किंवा एका बाजूने उतरणारी सावली दिसू लागेल त्यांनी शब्दांच्या शोधात न राहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, इतके येथे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

यंत्रांच्या पुस्तिकांतही हाच धोका असतो. ‘डिटॅच द होज बिफोर क्लीनिंग’ याचे ‘साफ करण्यापूर्वी नळी तोडावी’ असे भाषांतर मी स्वतः छापील पुस्तिकेत पाहिले आहे. दुरुस्ती करणारा मराठी माणूस ‘पाइप काढा’ किंवा ‘पाइप खोला’ म्हणतो आणि तेच लिहावे. दुसऱ्या बाजूने, आपण ‘बटण तुटले’ म्हणतो तेव्हा बटणाचे दोन तुकडे झालेले नसतात, दोरा तुटून बटण शर्टापासून सुटलेले असते. इंग्रजीत येथे ‘ब्रोक’ म्हटले तर बटण भंगले असा अर्थ होतो आणि ‘डिटॅच्ड’ म्हटले तर वाक्य सरकारी अहवालासारखे वाटते. बोलण्यात ‘द बटन केम ऑफ’ हेच स्वाभाविक आहे. ‘डिटॅच’ हा मुळात लेखी आणि काहीसा औपचारिक शब्द आहे. घरगुती बोलण्यात त्याच्या जागी ‘कम ऑफ’, ‘टेक ऑफ’, ‘अनप्लग’ असे छोटे शब्द येतात. बँकेच्या पावतीवर किंवा अर्जावर ‘डिटॅच हिअर’ असे छापलेले असते तेथे आपण ‘येथून फाडा’ म्हणतो, आणि तेही अगदी बरोबर आहे. छिद्रांची रेघ फाडण्यासाठीच आखलेली असल्यामुळे स्थळप्रत आणि पावती दोन्ही शाबूत राहतात.

आता काकांविषयीचे वाक्य. ‘डिटॅच्ड ऑल रिलेशन्स विथ’ यात दोन गडबडी आहेत. संबंध हा स्वतःच दावे आहे, तो गाय नव्हे. दावे सोडले जाते किंवा कापले जाते, ते ‘डिटॅच’ होत नाही. संबंध कापण्यासाठी इंग्रजीत ‘सेव्हर’ हे क्रियापद आहे. ‘ही हॅज सेव्हर्ड ऑल टाइज विथ माय फादर’ असे लिहावे. ‘सेव्हर’ म्हणजे एका घावात कापणे, आणि कापलेले पुन्हा पूर्ववत होणे अवघड, हा भाव त्यात आहे. म्हणूनच अपघातात बोट तुटले तर ‘सेव्हर्ड फिंगर’ म्हणतात, ‘डिटॅच्ड फिंगर’ नव्हे. लिहिताना शेवटी ‘ई’ लावू नका, नाहीतर ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र हा वेगळाच शब्द होतो. मी न्यायालयीन कागदांत ही चूक अनेकदा दुरुस्त केली आहे.

दुसरी बाब ‘विथ’ आणि ‘फ्रॉम’ यांची, आणि येथे मराठीचे विभक्तिप्रत्यय आपल्या मदतीला येतात. आपण ‘भावाशी संबंध तोडले’ म्हणतो आणि ‘भावापासून वेगळा झाला’ म्हणतो. या दोन वाक्यांतला ‘-शी’ आणि ‘-पासून’ यांचा भेद इंग्रजीतही जवळजवळ तसाच आहे. तोडण्याची वस्तू म्हणजे संबंध असेल तर ‘विथ’, आणि माणूस किंवा वस्तूच दूर झाली असेल तर ‘फ्रॉम’. ‘सेव्हर टाइज विथ’, पण ‘डिटॅच फ्रॉम’, ‘सेपरेट फ्रॉम’, ‘डिसकनेक्ट फ्रॉम’. त्यामुळे ‘डिटॅच विथ’ कधीच लिहू नये. मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणून पाहावे आणि तेथे ‘-शी’ येतो की ‘-पासून’ हे ऐकावे, म्हणजे बहुतेक वेळा योग्य शब्द सापडतो. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘पार्ट फ्रॉम’ म्हणजे एखाद्या माणसाचा निरोप घेणे, पण ‘पार्ट विथ’ म्हणजे आपल्या जवळची वस्तू नाइलाजाने देऊन टाकणे.

तुमच्या वकिलांच्या टिपणात आणखी एक शब्द उपयोगी पडेल. एकत्र हिंदू कुटुंबातून एखादा सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असलेला सदस्य) वेगळा होतो तेव्हा कायद्यात दोन टप्पे मानतात. आपण विभक्त होत आहोत असे त्याने निःसंदिग्धपणे जाहीर केले आणि ते इतरांपर्यंत पोहोचले की एकत्रपणा संपतो. याला ‘सेव्हरन्स ऑफ स्टेटस’ म्हणतात. जमिनीची मोजणी होऊन प्रत्यक्ष हिस्से पाडणे हा पुढचा भाग, म्हणजे वाटप, त्याला ‘पार्टिशन’ म्हणतात. पहिल्यात केवळ नाते बदलते आणि बांधावरचा दगडही हलत नाही. तुमच्या काकांनी बोलणे बंद केले आहे, की विभक्त झाल्याची नोटीस दिली आहे, की सातबारा वेगळा करून घेतला आहे, यांतले काय घडले ते वकिलांना स्पष्ट सांगा. ‘संबंध तोडले’ या दोन शब्दांत ही तिन्ही शक्यता दडलेली असते आणि खटल्यात त्यांचे परिणाम फार वेगळे होतात. याच संदर्भात ‘विभक्त कुटुंब’ याचे इंग्रजी ‘सेपरेटेड फॅमिली’ असे करू नये. आई, वडील आणि मुले एवढ्याच कुटुंबाला ‘न्यूक्लिअर फॅमिली’ म्हणतात. ‘सेपरेटेड’ म्हटले की पतिपत्नी वेगळे राहतात असे समजले जाते, आणि तेही घटस्फोट झालेला नसताना. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये न्यायिक विभक्तता कलम १० मध्ये आणि घटस्फोट कलम १३ मध्ये अशी दोन्हींची जागा निराळी आहे.

‘डिसकनेक्ट’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्यातून काही वाहते, जसे वीज, आवाज किंवा इंटरनेट, तो प्रवाह थांबला की ‘डिसकनेक्ट’. तार खांबावर तशीच लटकत असली तरी वीजजोडणी ‘डिसकनेक्ट’ होऊ शकते. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ अन्वये थकबाकीदाराला किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. त्या तोडण्याला ‘डिसकनेक्शन’ म्हणतात, ‘डिटॅचमेंट’ नव्हे. मध्येच फोन बंद पडला तर ‘द कॉल गॉट डिसकनेक्टेड’ म्हणावे. आपल्याकडे ‘कॉल कट झाला’ हे रूढ आहे आणि भारतीय इंग्रजीत ते सर्वांना समजते, त्याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

‘अटॅच’ जेथे येते तेथे त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘डिटॅच’च असतो, असाही एक समज असतो. न्यायालय मालमत्ता जप्त करते त्याला ‘अटॅच’ म्हणतात, पण जप्ती उठवणे म्हणजे ‘डिटॅच’ नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी जप्ती ‘रिमूव्ह’ करणे किंवा मालमत्ता जप्तीतून ‘रिलीज’ करणे अशी भाषा आहे. एका दाव्याच्या इंग्रजी अर्जात ‘डिटॅच द प्रॉपर्टी’ असे लिहिलेले मी वाचले, तेव्हा घर उचलून दुसरीकडे नेण्याची विनंती आहे की काय असे क्षणभर वाटले. ईमेलसोबतची फाइल ‘रिमूव्ह’ करतात. खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराला आपण ‘अटॅच्ड बाथरूम’ म्हणतो, बाहेरच्याला ‘डिटॅच्ड’ न म्हणता ‘कॉमन’ म्हणतो.

‘डिटॅच्ड’ विशेषण म्हणून आले की मात्र अनेकदा सोडवण्याची क्रिया कधी झालेलीच नसते. ब्रिटनमधले ‘डिटॅच्ड हाउस’ म्हणजे चारी बाजूंनी मोकळे घर, आपला स्वतंत्र बंगला. एक भिंत सामाईक असलेली दोन घरे म्हणजे ‘सेमी-डिटॅच्ड’. पुण्यात त्याला ‘ट्विन बंगलो’ म्हणतात. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या कागदपत्रांत ‘विलग केलेले घर’ असे भाषांतर झालेले मी पाहिले आहे. त्याला मराठीत काहीच अर्थ नाही.

माणसाला ‘डिटॅच्ड’ म्हटले तर प्रसंग पाहून अर्थ लावावा लागतो. न्यायाधीश किंवा संशोधक ‘डिटॅच्ड’ असणे म्हणजे तटस्थ असणे, आणि ती प्रशंसा आहे. मुलाच्या आजारपणात वडील ‘डिटॅच्ड’ असणे म्हणजे दूरस्थ, कोरडे असणे, आणि ती तक्रार आहे. आपल्याकडे गीतेच्या विवेचनात अनासक्तीसाठी ‘डिटॅचमेंट’ हा शब्द रूढ झाला आहे, पण त्याने एक हानी होते असे मला मनापासून वाटते. कमळाचे पान पाण्यातच असते, फक्त भिजत नाही. अनासक्त माणूस कामात पूर्ण बुडालेला असतो, फळात गुंतलेला नसतो. इंग्रजी वाचकाला ‘डिटॅच्ड’ ऐकताच काठावर उभा असलेला माणूस दिसतो. म्हणून अशा मजकुरात मी शब्द ठेवतो, पण ‘फळापासून’ हे स्पष्ट लिहितो, ‘डिटॅचमेंट फ्रॉम द फ्रूट्स ऑफ अॅक्शन’. येथेही ‘कोणापासून’ हे सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. उलट दिशेने, ‘अलिप्त राष्ट्रे’ याचे ‘डिटॅच्ड नेशन्स’ असे भाषांतर एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर केले होते. १९६१ मध्ये बेलग्रेडला ज्यांची पहिली परिषद भरली ती राष्ट्रे ‘नॉन-अलाइन्ड’ होती. कोणत्याही गटाला ती बांधलेलीच नव्हती, मग सुटणार कशी?

राहिले वरिष्ठांना लिहिलेले पत्र. ‘डिटॅच मी’ हे सैन्यात किंवा जहाजावर शोभते. तेथे मोठ्या दलातून एखादी तुकडी वा अधिकारी ठरावीक कामगिरीवर वेगळा पाठवतात आणि तो पुन्हा मूळ दलात येतो. तुकडीला ‘डिटॅचमेंट’ म्हणतात ते यामुळेच. कार्यालयात तुम्हाला जबाबदारीतून मोकळे व्हायचे आहे, म्हणजेच कार्यमुक्त. त्यासाठी ‘रिलीव्ह’ किंवा ‘रिलीज’ आहे. ‘आय रिक्वेस्ट यू टू रिलीज मी फ्रॉम धिस प्रोजेक्ट टिल माय फादर रिकव्हर्स’ असे लिहा. त्यात परत येण्याची मुदतही येते, जी तुमच्या मूळ वाक्यात नव्हती.

विमा कंपनीला दुरुस्तीचे पत्र आजच पाठवा. पहिल्या पत्रातील वाक्याचा अर्थ चुकीचा निघू शकतो असे सरळ मान्य करून, पडदा सुटल्याची लक्षणे घरी कोणत्या तारखेपासून दिसू लागली, निदान कोणत्या तारखेला झाले आणि शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला झाली, या तिन्ही तारखा वेगवेगळ्या वाक्यांत द्या आणि सोबत डॉक्टरांचा निदानाचा कागद जोडा. त्यांच्याशी फोनवर बोलावे लागले तर ‘डिटॅच’मधला ‘च’ चहातल्यासारखा उच्चारा, ‘चांगला’मधल्यासारखा नव्हे, आणि ‘डिटॅच्ड’चा शेवट ‘ट’कडे झुकतो हे ध्यानात ठेवा. पत्रात स्पेलिंग लिहिताना ‘कॅच’ आणि ‘वॉच’प्रमाणे ‘सीएच’च्या आधी जादा ‘टी’ घालू नका.

वडिलांची प्रकृती लवकर सुधारो. दुरुस्तीचे पत्र धाडण्यापूर्वी मला दाखवायचे असेल तर अवश्य पाठवा, मी त्याच दिवशी वाचून परत करीन.